घडण

“...आणि पटकीची साथ आलीच नसती, तर आज हा दवाखाना उभा राहिला असता का? तुम्हीच सांगा, आई.”

नीलकंठ भोयर हेडमास्तर मठाच्या अंगणात भर उन्हात बसून विचारत होते. ओसरीवर वृद्ध गोदाई वाती वळत होत्या. गावातले सगळेच त्यांना आई म्हणत.

गोदाईंनी पुढची वात वळायला घेतली.

मास्तरांना थांबवत नव्हतं. गावातल्या दवाखान्याचं दुसऱ्या दिवशी उद्‌घाटन होतं. तो उभा करण्यात त्यांची हयात गेली होती.

“साथीनंतर सगळं गाव विहिरीचा गाळ काढायला उतरलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आपलं पाणी वेगळं राखलं, त्यांनीच ती विहीर सर्वांना खुली केली. हे सुखात झालं असतं? दुःखाशिवाय माणूस घडत नाही, समाज पुढे सरकत नाही. उद्या भाषणात मी हेच सांगणार आहे. चूक असेल तर बोला.”

चूक ऐकून घ्यायची तयारी मात्र आवाजात फारशी नव्हती.

“वर ये. सावलीत बस,” गोदाई म्हणाल्या.

“राहू द्या. लहानपणी अनवाणी उन्हातून शाळेत गेलोय. या उन्हानंच घडवलं मला.”

गोदाईंनी कापूस बाजूला ठेवला. काठी टेकत पायऱ्या उतरल्या आणि मास्तरांच्या शेजारी, तापलेल्या फरशीवर बसल्या.

मास्तर गडबडले. “आई, हे काय? या वयात... त्रास होईल तुम्हाला!”

“होऊ दे की. घडेन.”

...

मास्तरांना हसू आलं नाही. गोदाईंच्या कपाळावर घाम फुटलेला दिसला, तसे ते चटकन उठले. त्यांना हात देऊन ओसरीवर नेलं, माठातलं पाणी दिलं. मग स्वतःही तिथेच सावलीत बसले.

थोड्या वेळानं म्हणाले, “तुम्ही थट्टेवारी नेलंत, आई. पण त्या साथीत माझी धाकटी बहीण गेली. बायजा. ती गेली म्हणून मी पेटून उठलो, शिकलो, दवाखान्याच्या मागे लागलो. तिचं मरण फुकट गेलं म्हणू का मी?”

“कशी होती?”

“सारखं पाणी मागत होती. तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपली, पण वाटेतच...”

“मरताना नव्हे रे. एरवी.”

मास्तरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

बायजाची गोष्ट त्यांनी किती व्यासपीठांवरून सांगितली होती. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. पण गोष्ट दरवेळी बैलगाडीपासूनच सुरू होई. त्याच्या मागचं कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

“एरवी...” ते चाचपडत म्हणाले. “एरवी भारी द्वाड होती. तिला शाळेत घातलं नव्हतं. मी पाढे म्हणायचो, ती शेळ्यांना पाला घालता घालता ऐकायची. मी अडलो की पुढचं तीच सांगायची. वर वेडावून दाखवायची...”

सांगता सांगता ते हसले. मग त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

गोदाई पुन्हा वाती वळू लागल्या. अंगणात चिमण्या उतरल्या, दाणे टिपून उडून गेल्या.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी तोंड पुसलं. उद्याच्या भाषणाचं आता त्यांच्या मनातही नव्हतं. हळूच म्हणाले,

“पण आई... ती गेली नसती, तर मी घडलो असतो का?”

गोदाईंनी वात उजेडात धरून पाहिली.

“कुणास ठाऊक,” त्या म्हणाल्या. “ती घडली असती.”