भाकरीवरची ठळक पोस्ट

“मग यात कमी काय आहे, बुवा?”

प्रद्युम्न मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि त्याचा आवाज जरा चढला होता.

पुण्यातली वेबसाइट बनवण्याची नोकरी सोडून तो आमच्या मठात आला, तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं. मठाची वेबसाइट आपल्या हाती यावी. बुवांनी सांगितलं होतं, एक पोस्ट लिहून दाखव; मला ती शेवटपर्यंत वाचता आली, तर वेबसाइट तुझी.

पोस्ट होती मठातल्या भाकरीवर. बुवा दोनदा वाचायला बसले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातूनच डोळे चोळत उठले.

खरं सांगू? ती बघून माझंही डोकं गरगरलं होतं. मथळा लाल, उपमथळे हिरवे, ओळीओळीत ठळक शब्द, मध्येच पिवळ्या चौकटी. लग्नाच्या मांडवातही इतके रंग नसतात.

प्रद्युम्नचं म्हणणं असं, की हल्ली लोक वाचत नाहीत, नुसती नजर फिरवतात. त्यांना धरून ठेवावं लागतं. एडिटरमध्ये एवढी बटणं दिलीत ती काय शोभेला?

बुवांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

“बरं... तूच वाचून दाखव. पण जसं दिसतं तसं वाच. ठळक असेल ते मोठ्यानं. मथळा ओरडून. रंग आला की टाळी.”

हे त्याला भलतंच आवडलं. तो उठून उभा राहिला आणि घसा खाकरून सुरू झाला.

मथळ्यालाच छपरावरची कबुतरं उडाली.

मग ज्वारी मोठ्यानं, तवा मोठ्यानं, चूल मोठ्यानं, वर टाळ्या. गोठ्यातून दगडूनाना काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. स्वयंपाक करणाऱ्या यमुनाकाकू पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या. मी भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं. प्रद्युम्नलाही हसू आवरेना, पण कबूल केलंय म्हटल्यावर सोडतो कसला! घसा ताणून ओरडत राहिला.

काही नाही, पोरगा वाचतोय, असं बुवांनी सांगितलं. काकू कपाळाला हात लावून परत निघाल्या.

तेवढ्यात तळाशी एक ओळ आली. साधी, काळी. सजवायची राहूनच गेली असावी. ओरडायचं कारण नव्हतं, म्हणून तो आपल्या नेहमीच्या आवाजात वाचून गेला.

“मी आलो त्या संध्याकाळी कुणाशी बोलत नव्हतो. काकूंनी काही विचारलं नाही. गरम भाकरी वाढली आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिल्या.”

काकू दारातच थांबल्या. हात न पुसताच त्यांनी डोळे टिपले आणि गालभर पीठ लागलं.

“वेड्या, एवढं लक्षात ठेवलंस होय?”

आज भाकरीवर लोणी देते म्हणाल्या आणि हसत हसत आत गेल्या. दगडूनाना काठी टेकवून तिथेच खाली बसले. त्यांना आता जायची घाई नव्हती.

बुवा म्हणाले, शेवटपर्यंत ऐकली बाबा, वेबसाइट तुझी. प्रद्युम्नला इतका आनंद झाला की तो बुवांच्या पाया पडायला वाकला आणि लॅपटॉप पडता पडता वाचला.

मग तो घाईघाईनं पुन्हा बसला. ती शेवटची ओळ त्यानं निवडली आणि ठळक करायच्या बटणाकडे बोट नेलं.

बुवांनी ते बोट अलगद धरलं.

“पण बुवा... ही तर सगळ्यांत उठून दिसायला हवी ना? मग हिला करू तरी काय?”

बुवा त्याच्याकडे बघून हसले.

“हिला काही करू नकोस... बाकीच्यांना जरा हळू बोलायला सांग.”