भ्यालेल्या गेनबाची चिंच

नदीवर पूल नव्हता आणि गावाला लागणारं तेल गावच्याच घाण्यावर निघायचं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. बालाघाटाच्या उतारावर बोरखडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात गेनबा नावाचा माणूस राहायचा. त्याला उंचीची भीती वाटायची.

थोडीथोडकी नाही. मिरच्या वाळत घालायला माळवदावर चढला की तो मधोमध बसून राहायचा. बायको वर येऊन हाताला धरायची तेव्हाच उतरायचा. दुसऱ्या गावात हे खपून गेलं असतं. पण बोरखडी चिंचांचं गाव. फाल्गुन आला की सगळे गडी झाडावर आणि सगळ्या बाया झाडाखाली. गेनबा बायांत बसून चिंचा फोडायचा.

"गेनबा, आधी परातीत चढून बघ," झाडावर चढणाऱ्या टोळीचा म्होरक्या दौलता म्हणायचा. "जमलं तर पाट देतो."

सगळे हसायचे. गेनबाही हसायचा. त्याची बायको सोजर मात्र हसायची नाही.

दौलता निडर. एका हातानं फांदी धरायची आणि दुसऱ्या हातानं वेळूची काठी चालवायची, ही त्याची रीत, आणि तीच टोळीची. काठीनं पिकली चिंच पडायची, कच्ची पडायची, आणि ज्या कोवळ्या डहाळीला पुढच्या साली फूल यायचं तीही मोडून पडायची. हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. मोडलेल्या डहाळ्या लोक शेळ्यांपुढं टाकत होते. पण काठी थांबली नाही. मग झाडं रिकामी जायला लागली, तेव्हा गाव म्हणालं, झाड वांझ झालं. माणसाला भित्रा म्हणायचं आणि झाडाला वांझ. दोन्ही शब्द गावानंच दिले, आणि देताना गावाची जीभ अडखळली नाही.

नदीच्या वळणावर थोरली चिंच होती. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असा तिचा बुंधा. त्या बुंध्याशी गेनबा आणि सोजर यांची लेक ठकू पुरलेली होती. ती रांगायला लागली आणि तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. गेनबानं स्वतःच्या हातानं खड्डा केला होता आणि वर एक चपटा दगड ठेवला होता. नदीवर जाता-येता सोजर तिथं घटकाभर बसायची. त्यांना दुसरं मूल झालं नाही.

एका वर्षी घाण्याचं लाकूड झिजलं. घाण्याला चिंचेचं लाकूड चांगलं. पाटलांनी पारावर सांगून टाकलं, थोरली चिंच तोडा. फळ देत नाही तर तेल तरी देईल. कुणी हरकत घेतली नाही. गेनबा पारावर कधी बोलत नसे. त्या दिवशी तो उठून उभा राहिला.

"पाटील, तिला फळ हाय. शेंड्याला हाय. मी खालनं रोज बघतो."

"शेंड्याला कोण जातंय?" दौलता म्हणाला. "तिथं फांद्या मनगटाएवढ्या. काठी चालवायची कशी?"

"मंग ते फळ असून नसल्यासारखंच," पाटील म्हणाले. मग त्यांना गंमत सुचली. "गेनबा, तूच काढ की. एक गाडी चिंच पाड. झाड राहील, शब्द देतो."

"गाडी कशाला पाटील," दौलता म्हणाला, "वाटी म्हणा. त्याच्याच्यानं वाटी भरली तरी लई झालं."

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी आल्या, गाडी आली आणि मजा बघायला गाव आलं. गेनबा चढला. पहिल्या बेचक्यापर्यंत गेला आणि तिथंच गोठला. दोन्ही हातांनी त्यानं फांदीला मिठी मारली होती आणि डोळे मिटले होते. अंग लटलट कापत होतं. दौलतानं खालून काठी वर केली.

"घे. आरं, एक हात सोड की."

"न्हाई सुटत."

कुणीतरी दयेनं ओरडलं, "गेनबा, खाली बघू नगं रं."

सोजर दगडापाशी बसली होती. ती म्हणाली, "आवं, बघा खाली. न बघून कसं चालंल? आपली ठकू हितं हाय, मी हितं हाय. आमच्याकडं बघा नि जावा वर."

गेनबानं डोळे उघडले आणि खाली बघितलं. आता हे नीट ऐका. हल्ली काही लोक सांगतात की त्या क्षणी त्याला देवीनं दर्शन दिलं आणि त्याची भीती पळून गेली. साफ खोटं आहे. भीती वाढली. त्याला रडू फुटलं, आणि तो रडत रडत वर सरकला. शेवटपर्यंत त्याचं रडणं थांबलं नाही, आणि चढणंही थांबलं नाही. काठी कधी पोचली नव्हती तिथं, अगदी शेंड्याला, तो जाऊन फांदीला बिलगला.

असं म्हणतात, त्या दिवशी वारा नव्हता. नदीकाठचं गवतसुद्धा हलत नव्हतं. हलत होती फक्त थोरली चिंच. गेनबा कापत होता म्हणून त्याची फांदी कापू लागली, तिच्यामुळं शेजारची, आणि तसंच कापरं खाली उतरत बुंध्यापर्यंत आलं. कुऱ्हाड घेऊन उभ्या असलेल्यांच्या तळपायांना ते कळलं, असं म्हणतात. मग चिंचेचे आकडे पडायला लागले. पिकले तेवढेच पडले. हिरवा एक पडला नाही, डहाळी एक मोडली नाही. शेंड्यावर पोपट बसले होते, ते उडालेसुद्धा नाहीत. एक तर गेनबाच्या खांद्यावर येऊन बसला, असं म्हणतात. बायांनी पदर धरले, मग घोंगड्या अंथरल्या. गाडी भरली. दुसरी आणावी लागली.

हसायला आलेलं गाव आकडे वेचायला वाकलं.

"आवं, भरली गाडी," सोजर म्हणाली. "उतरा आता."

पण गेनबाला उतरता येईना. तेव्हा दौलतानं काठी जमिनीवर ठेवली आणि तो वर गेला. खालच्या फांदीवर उभं राहून त्यानं गेनबाचा एकेक पाय आपल्या तळहातावर घेतला आणि जागेवर टेकवला.

"भ्यू नगं गेनबा. मी हाय."

"भिऊ दे मला," गेनबा म्हणाला. "तू फकस्त पाय धर."

पाटलांनी शब्द पाळला. घाण्याला बाभळीचं लाकूड लागलं. त्या साली थोरल्या चिंचेला काठी लागली नव्हती, म्हणून पुढच्या साली ती खालच्या फांद्यांपासून फुलली, आणि फळांच्या भारानं तिच्या फांद्या जमिनीला टेकल्या, असं म्हणतात. मग गाव गेनबाला आपापल्या झाडावर बोलवू लागलं. तो जन्मभर चढला, दर वेळी कापला, आणि दर वेळी सोजर खाली बसून राहिली.

म्हातारपणी पाटलांनी त्याला विचारलं होतं, "गेनबा, तुझं भ्या अजून जात न्हाई?"

"कशाला जाईल पाटील? त्याला बी आता कामाची सवय लागलीय."

आसपासच्या गावांत चिंचा अजून काठीनंच झोडतात, आणि झाड रिकामं गेलं की कुऱ्हाड शोधतात. बोरखडीत झाडाला काठी लावत नाहीत. फाल्गुनात चढणारा गडी बुंध्याशी येऊन उभा राहतो, आणि त्याच्या घरातली एक बाई, आई असो, बायको असो नाहीतर बहीण, त्याला विचारते, "भ्या वाटतंय का?"

"न्हाई" म्हणणाऱ्याला त्या दिवशी चढू देत नाहीत. तो बायांत बसून चिंचा फोडतो.

"वाटतंय" म्हणाला, की ती बुंध्याशी बैठक मारते आणि म्हणते, "मंग जा."