ओताऱ्याची शेवटची घंटा

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगर आजच्याएवढेच उंच होते, पण वाटा थोड्या होत्या आणि धुकं मात्र भरपूर होतं. धुकं एकदा उतरलं की माणसाला स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. म्हणून त्या मुलखातल्या प्रत्येक वाडीत एक घंटा टांगलेली असायची. धुकं पडलं की ती वाजवायची आणि तिच्या आवाजामागे माणसं, गुरं, शेळ्या आपापल्या घरी यायची.

या सगळ्या घंटा एकाच घराण्यात ओतल्या जात. त्या घराण्याची एक जुनी रीत होती. घंटेवर ओताऱ्याने आपलं नाव घालायचं नाही. हात थकले, डोळे मंदावले, की एक शेवटची घंटा ओतायची आणि तेवढ्या एका घंटेवर नाव कोरायचं. त्याच दिवशी भट्टीचा भाता आढ्याला टांगायचा. मग त्या ओताऱ्याने पुन्हा भट्टी पेटवायची नाही.

आपल्या गोष्टीतला ओतारी भर उमेदीतला होता आणि घराण्यात ओतणारा तो एकटाच उरला होता. एकदा राजाने त्याला खिंडीतल्या चौकीसाठी घंटा ओतायला सांगितली. त्याने जीव ओतला त्या कामात. ती घंटा पहिल्यांदा वाजली तेव्हा तिचा नाद डोंगराडोंगरांत घुमत राहिला. चौकीवरच्या राकट शिपायांचे डोळे भरून आले. राजाने ओताऱ्याला आपल्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांसमक्ष म्हटलं, "अशी घंटा पूर्वी झाली नाही आणि पुढे होणे नाही!"

झालं. ओतारी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरायलाच तयार होईना. त्याने छिन्नी घेतली आणि घंटेवर ठसठशीत अक्षरांत आपलं नाव कोरलं.

घरात त्याची म्हातारी आत्या होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तो भाता आढ्याला टांगू लागला तशी ती कडाडली, "अरे, काय करतोस हे? ही तुझी सगळ्यांत नवी घंटा. सगळ्यांत चांगलीही असेल. पण ती शेवटची आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"आत्या, हिच्यापुढे आता ओतायचं काय?" ओतारी म्हणाला. "खुद्द महाराज म्हणाले, पुढे होणे नाही."

"महाराजांना ऐकणं ठाऊक. ओतणं तुला ठाऊक. आणि खरं बोलू? तुला गर्व नाही झालेला, तू घाबरलायस. पुढची घंटा हिच्याहून उणी निघाली तर लोक हसतील, याची धास्ती घेतलीयस तू. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

ओताऱ्याने भाता आढ्याला टांगलाच. म्हातारीचं बोलणं वर्मी लागलं होतं, म्हणूनच गाठ जरा जास्तच आवळली.

त्यानंतर त्याचे दिवस मोठे मजेत गेले, निदान वरवर तरी. जाईल तिथे मान मिळे. लोक म्हणत, "तेच हे, खिंडीतल्या घंटेवर नाव आहे ते." इकडे भट्टीत मांजर व्यायलं. वाड्यांतल्या जुन्या घंटा एकेक करून चिरू लागल्या. माणसं ओताऱ्याच्या दारी येत आणि तो हात जोडून सांगे, "माझी शेवटची घंटा ओतून झाली."

मग एक दिवस त्याची स्वतःची लेक आली. दरीपलीकडच्या वाडीत तिला दिली होती.

"बाबा, आमच्या वाडीची घंटा चिरली, आवाज लांबवर पोचत नाही. परवा सासूबाई शेळ्या घेऊन गेल्या आणि धुक्यात पार कड्याच्या टोकाशी गेल्या. एक शेळी पडली तेव्हा त्यांना कळलं, पुढे जमीन नाही. तेवढी एक घंटा ओतून द्या."

ओताऱ्याची नजर आढ्याच्या भात्याकडे गेली. पण जिभेवर तेच आलं, "पोरी, रीत आहे आपली. नाव कोरल्यावर भट्टी पेटवता येत नाही."

लेक उठली. "रीत थकलेल्या हातांसाठी आहे, बाबा. तुमचे हात तर चांगले धडधाकट दिसतायत," असं म्हणून ती पाण्याच्या घोटालाही न थांबता निघाली.

ती गेली आणि थोड्या वेळाने धुकं उतरलं. आत्या दारात उभी राहिली. "लेक उपाशी गेली. दरीची वाट आहे. आणि तू इथे कसली रीत कुरवाळत बसलायस?"

ओताऱ्याने भाकरीचं गाठोडं काखेत मारलं आणि तो धावत सुटला. दरीच्या वाटेला लागेपर्यंत धुकं दाट झालं. पुढचं पाऊल दिसेना. तो थबकला, आणि त्याच वेळी खिंडीतली घंटा वाजू लागली. त्याची घंटा!

त्याला हायसं वाटलं. तो आवाजाच्या रोखाने निघाला. पण तो भव्य नाद या कड्यावर आपटे, त्या कड्यावरून परते, समोरून येई, मागूनही येई. खिंड नेमकी कुठे, काही कळेना. तो इकडे वळला, तिकडे वळला, भटकत दरी ओलांडून गेला तरी त्याला कळलं नाही, आणि अचानक त्याच्या पायाखालचा दगड सुटला. दगड खाली पडल्याचा आवाज फार उशिराने आला. ओताऱ्याला दरदरून घाम फुटला. ज्या घंटेवर त्याचं नाव होतं, तिनेच त्याला कड्यावर आणून सोडलं होतं.

तेवढ्यात दुसरा एक आवाज आला. भद्द... भद्द... भद्द. बेसूर, फुटका. पण येत होता एकाच बाजूने. ओतारी खाली बसला आणि हातांनी जमीन चाचपत त्या आवाजाकडे सरकू लागला. बऱ्याच वेळाने त्याचा हात एका कुडाला लागला.

लेक सुखरूप घरी पोचली होती आणि वाडीची चिरलेली घंटा जीव खाऊन बडवत होती.

"बाबा! तुम्ही? मी तर रानात गेलेल्यांसाठी वाजवत होते."

ओताऱ्याने त्या घंटेवरून हात फिरवला. त्यानेच ओतलेली, हात नवखे होते तेव्हाची. काठ जाड, नाद आखूड. त्याला ती आठवतसुद्धा नव्हती. तो तिथेच बसून लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर तो छिन्नी आणि कानस घेऊन थेट खिंडीत गेला आणि घंटेवरचं आपलं नाव घासू लागला. शिपायांनी त्याला धरून राजापुढे उभं केलं.

"आमच्या घंटेला हात लावतोस?" राजा गरजला.

"घंटेला नाही, महाराज. माझ्या नावाला," ओतारी म्हणाला. "ती माझी आजवरची सगळ्यांत चांगली घंटा आहे. मी वेडा, तिला शेवटची समजून बसलो. मला अजून पुष्कळ ओतायचंय. धुक्यात एकाच बाजूने ऐकू येईल अशी घंटा कशी करायची, ते तर मला कालपर्यंत सुचलंही नव्हतं."

"आणि पुढची हिच्याहून वाईट निघाली तर?"

"निघेल की! काही वाईट निघतील. त्या वितळवून परत ओतेन."

राजा हसला. "जा, पुसून टाक नाव. 'होणे नाही' हा शब्द आम्हीही परत घेतो."

त्या दिवशी आत्याने स्वतः मांजराची पिल्लं दुसरीकडे हलवली आणि भाता खाली उतरवून घेतला. लेकीच्या वाडीसाठी ओतलेली नवी घंटा जराशी घोगरी निघाली. लोक हसले, "ओतारी उतरणीला लागला!" पण पुढच्याच धुक्यात लेकीची सासू शेळ्यांसह सरळ अंगणात आली, तेव्हा हसणारेच आपापल्या वाडीसाठी घंटा मागायला आले.

तो पुष्कळ जगला. गेला तेव्हा रीतीप्रमाणे शेवटच्या घंटेवर त्याचं नाव कोरावं म्हणून गाव जमला. सगळ्यांत नवी घंटा वडाखाली टांगलेली होती. एकाने छिन्नी उचलली. पण "शेवटची ही कुठे?" म्हणत लेकीने त्याचा हात धरला आणि अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे उन्हात बाबांच्या हातचा नवा साचा वाळत होता. तिने तो उचलला आणि भट्टीकडे नेला.

तात्पर्य: आजवरचं सगळ्यांत चांगलं म्हणजे शेवटचं नव्हे; जो तसं मानतो, तो आपल्या हातानेच आपला भाता टांगतो.