ठमाने फोडलेलं मडकं

ओहोटी लागली की ही खाडी अशी खापरांनी भरलेली दिसते. नाकं मुरडू नका, उकिरडा नाही तो. आणि पाय जपून टाका, एकेका खापराखाली चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, पिल्लू बसलेलं असतं.

फार मागे म्हणे मोठ्या तुफानात इथली सगळी तिवराची झाडं मुळासकट गेली. त्या मुळांतच ही पिल्लं दडायची. आडोसा गेला, तशी ती मोठ्या चिंबोऱ्यांच्या नि माशांच्या तोंडी जाऊ लागली. तीन वर्षांत खाडी रिकामी झाली. गावचा कारभार बघणाऱ्या गावकरांनी ठरवलं, येत्या पुनवेनंतर गाव उठवायचं.

गावातल्या ठमाला हे मान्य होईना. तिचा नवरा हसाजी त्याच तुफानात होडीसकट गेलेला, प्रेतही मिळालं नव्हतं. बायका सांगून थकल्या, "अगो, पुतळा करून जाळ, मडकं फोड, मोकळा कर त्याला." तिने फोडलं नाही. तो येणार, ही तिची खात्री. आणि आला नि गावच नसलं तर?

"खाडी चिंबोऱ्यांनी पुन्हा भरून दाखवते, मग तरी थांबाल?" तिने गावकरांना विचारलं.

"आधी भर. बोलाची कढी नि बोलाचा भात पुष्कळ जेवलो."

तिने डोंगरापलीकडच्या खाडीतून शे-सव्वाशे पिल्लं वेचून आणली. पुनवेच्या भरतीला सोडायची, तोवर रांजणात ठेवली. पाणी खारं, मासळीचा चुरा पोटभर, वर झाकण. आणि इथेच बाई चुकली! चिंबोरी वाढताना कात टाकते, तेव्हा ती लोण्यासारखी मऊ होते. मऊ झालेल्या पिल्लाला शेजारचं भावंडच डेंग्यांनी, आपल्या नांग्यांनी, फाडून खायचं. दिवसभर रांजणातून कटकट ऐकू यायची. ठमा हात घालून सोडवायची, बोटं रक्तबंबाळ व्हायची. शंभराची साठ झाली, साठांची वीस. पुनव दोन दिवसांवर आली.

"मेल्यांनो, भावंडं ना तुम्ही!" म्हणत तिने रांजणावर वरवंटा हाणला.

पाणी अंगणभर झालं. एक मऊ पिल्लू सरपटत बाकदार खापराखाली शिरलं. मागून आलेल्या थोराड पिल्लाने डेंगा घालून पाहिला, तो पोचेना. ते निघून गेलं. ठमा बघतच राहिली. एका घरात कोंडून भागणार नाही, ज्याला त्याला आपला आडोसा हवा.

खाडीत खापरं पसरायला ती दारोदार मडकी मागत फिरली. "भरल्या घरात मडकं फोडायचं? अभद्र बोलू नकोस!" म्हणत बायकांनी दारं लावली. तेव्हा तिने हसाजीचं पाणी प्यायचं मडकं उचललं, खाडीवर आणलं आणि सगळ्यांदेखत दगडावर आपटलं. आपल्याच हाताने त्याला मारलं असं वाटून ती ऊर बडवून रडली, असं सांगतात.

गावकरांची म्हातारी आई आपलं मडकं घेऊन पुढे आली. मग कोण मागे राहतं? दुपारपर्यंत खाडीत गुडघाभर खापरं झाली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव पलीकडे जाऊन पिल्लं वेचून आलं. पुनवेच्या भरतीला सोडलेली ती पिल्लं खापरांआड तगली, खाडी भरली, नि गाव उठलं नाही.

हसाजी आला का, हे विचारायला जीभ वळवळतेय ना तुमची? नाही आला.

आजही आमच्यात मयताचं मडकं स्मशानात फोडत नाहीत, इथे आणून फोडतात. आणि दहाव्याला आम्ही कावळ्याची वाट बघत नाही. घरचं माणूस येतं, त्या मडक्याचं खापर हळूच उचलतं, नि खाली पिल्लू दिसलं की डोळे पुसून घरी जातं.