शेळ्यांची पंगत

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. देवाशपथ, मी स्वतः गोठ्याच्या दारात उभा राहून पाहिली. आता पाहिली म्हणजे, त्या गावी मी कधी गेलेलो नाही; ज्यानं पाहिली त्याच्या साडूनं मला सांगितली. पण साडू खोटं बोलणारा गृहस्थ नव्हे. मी त्याला फारसा ओळखत नसलो तरी एवढं छातीठोक सांगतो.

एकदा एक शेळ्या राखणारा होता. मायाप्पा त्याचं नाव. वय पन्नाशीच्या आतबाहेर, आणि पायांचं वय त्याहून वीस वर्षांनी अधिक. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो शेळ्यांमागे माळावर चालत होता. सकाळी ओढ्याच्या काठानं वर, दुपारी टेकाडाच्या आडोशाला, दिवस कलताना बाभळीच्या बनातून खाली. ती सगळी चाल सरळ रेषेत धरली असती तर तो काशीला जाऊन चारदा परत आला असता. पण ती गोल होती, म्हणून तो रोज संध्याकाळी आपल्याच दारात पोहोचे. कालच्यापेक्षा थोडा अधिक थकून.

एके दिवशी टेकाडावर बसला तो त्याला उठवेचना. शेळ्या वाट पाहून पाहून आपल्या आपण घरी गेल्या आणि हा अंधार पडता पडता मागाहून आला. गाव हसलं. मायाप्पाही हसला, पण रात्री गुडघ्यांना तेल चोळताना त्याचे डोळे भरून आले.

त्याच सुमारास इंदूवहिनी त्याला म्हणाल्या, "भावजी, एवढं उष्टं मी रोज खड्ड्यात टाकते. शेळ्या खात असतील तर न्या की."

इंदूवहिनींची फाट्यावर खानावळ होती. रविवारच्या मटणासाठी माणसं तीस-तीस मैलांवरून येत. अठरा वर्षं बोकड मायाप्पाचाच. मायाप्पानं एक निळं पिंप मोपेडच्या मागे बांधलं आणि त्या दिवसापासून माळ बंद झाला. भाकरीचे तुकडे, भात, रस्सा. शेळ्या जागच्या जागी उभ्या राहून खात. अंगावर तुकतुकी आली. बोकड एवढे भरले की दोरी सैल करावी लागली. मायाप्पानं दारातल्या कडुनिंबाची दुपारची सावली कैक वर्षांनी प्रथमच पाहिली. तो तिच्यात झोपला.

असे तीन महिने गेले. मग एका रविवारी वहिनींनी त्याला चुलीपाशी बोलावलं.

"भावजी, मटणाला काय झालंय हो? गिऱ्हाईक तुकडा तोंडात घालतं आन वाटीकडं बघत बसतं, जसं वाटीनंच काय केलंय. मी मसाला बदलला. पातेलं बदललं. भाकरी करणारीवर उगाच ओरडले, ती दोन दिवस आली न्हाई. चरबीचा तवंग असा येतो की पळी आत जाईना, आन चवीला शिळं. ताजा बोकड शिळा कसा लागतो?"

"मला काय कळंना, वहिनी."

"मला तरी कुठं कळतंय? पर पुढच्या रविवारपातूर बघा. न्हाईतर मला दुसरीकडनं आणावं लागंल. बोलताना मलाच कसंसं होतंय."

वहिनींनी हात काढून घेतला की शेळ्या विकणं आलं. आणि शेळ्या गेल्या की मायाप्पाला त्यांच्याशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं. तो तसाच उठून मुलाणीचाचांकडे गेला.

पाच गावांतले बोकड, कंदुरीच्या नवसाचे असोत की लग्नाचे, पन्नास वर्षं या एका माणसाच्या सुरीखाली गेले होते. हात थरथरू लागला तसे चाचा सुरी मुलाच्या हाती देऊन बाजल्यावर बसले. तोंडात एक दात नव्हता. "मटण आता म्या नाकानं खातो," असं ते सांगत. बोकडाच्या कमरेवर बोटं ठेवून आतलं मांस कसं वाचायचं, हे तरुणपणी मायाप्पा त्यांच्याकडेच शिकला होता. गुरू म्हणावा तर हाच.

"मसाल्याचा दोष आसंल का पान्याचा, चाचा?"

"तुझ्या शेळ्या खात्यात काय?"

"लई चांगलं खात्यात. आपल्यापेक्षा बरं. भाकरी काय, भात काय!"

चाचांनी नाक आक्रसलं. मग म्हणाले, "उद्या दुपारी येतो. पिंप भरून आणून ठिव. बारा पत्रावळ्या आण, पळसाच्या. आन एक पळी."

दुसऱ्या दिवशी चाचांनी काठी टेकत येऊन गोठ्यात बाजलं मागवलं. दावणीच्या पहिल्या ओळीतल्या बारा शेळ्या-बोकडांपुढे बारा पत्रावळ्या ओळीनं मांडायला लावल्या. मायाप्पाला वाटलं, म्हातारपणानं डोकं फिरलं. पण गुरूला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

"डाव्या अंगाला मीठ वाढ."

मायाप्पानं मीठ वाढलं. तोवर कुडावरून दोन डोकी वर आली होती.

"मायाप्पा, लगीन कुणाचं रं?"

"आरं, आमाला पत्रिका न्हाई दिली ती?"

"भाकरी वाढ," चाचा शांतपणे म्हणाले. "भात. आता रस्सा. आन तोंड शिवल्यागत वाढू नगं, आग्रह कर. पाव्हणं उपाशी उठतील."

मायाप्पा कानापर्यंत लाल झाला. "घ्या," तो पुटपुटला.

"असा व्हय आग्रह?"

"घ्या हो... लाजू नका... पोटभर घ्या!"

कुडापलीकडे हसून हसून एकाला उचकी लागली. पण पहिल्या बोकडानं काय केलं? त्यानं भाकरी हुंगली, भात नाकानं ढकलून दिला आणि पत्रावळीची कड दातांत धरून करकर चावली. दुसऱ्यानं तेच केलं. पाहता पाहता अख्खी पंगत पानं खाऊ लागली आणि वाढलेलं अन्न जमिनीवर ओघळलं. तीन महिन्यांत गोठ्यात पहिल्यांदाच पाला आला होता, आणि तोही वाळलेला.

"ऱ्हाऊ दे. तू वाढ," चाचा म्हणाले. "तळातलं घे."

मायाप्पानं पळी तळाशी घातली. ती वर आली तेव्हा तिच्यात एक हाड होतं, त्याला मांस धरलेलं. पळी हवेतच थांबली.

"ह्यो कोण?" चाचांनी विचारलं.

मायाप्पानं हाड निरखलं. "कालच्या रविवारचा," तो म्हणाला. "काळ्या."

आणि तो शेळ्यांमध्येच खाली बसला. कुडावरची डोकी केव्हाच नाहीशी झाली होती.

चाचांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "आता ऐक. शेळीचं तोंड एका ठिकाणी ठरत न्हाई. इथं बोर, तितं बाभळ, चार पावलं चालली की तिसराच पाला. ती सगळी भटकंती तिच्या मांसात उतरती. तीच तिची चव. चालत्या बोकडाच्या अंगात मांस भरतं. उभ्याच्या पोटात नुसती चरबी भरती, गुर्द्यावर गोधडी पांघरल्यागत. म्या पन्नास वर्सं आतनं बघितलंय. आन वहिनीच्या पंगतीत उष्टं का ऱ्हातं? मटण बेचव म्हणून. ते उष्टं हे खात्यात, म्हणून मटण आनखी बेचव. मग आनखी उष्टं. तू माळावरची गोल चाल सोडलीस आन त्यांना दुसऱ्या घाण्याला जुपलंस, ल्येका."

"पाय चालंनात, चाचा."

"ठावं हाय. म्हणून तर रागं भरलो न्हाई. माजा हात चालंना तवा म्या सुरी ठिवली. वाकड्या हातानं मुक्या जिवावर चालवली न्हाई." चाचा थांबले, त्यांनाही धाप लागली होती. "पाय दमलं तर पाला घरी आण. शेवरी, सुबाभूळ, बोर. जुड्या बांधून आढ्याला टांग, म्हंजी मागच्या पायावर उभी ऱ्हाऊन खातील. तुरीचं भुसकाट दे, मूठभर भरडा. दिवस कलताना दोन तास सोड. वाट त्यांना ठावी हाय, तू मागं बसून ऱ्हा. दोन म्हयन्यांत बोकड निवळंल. तवर मात्र सुरी लावायची न्हाई."

"आन रविवार?"

"ते वहिनीला तूच सांगायचं. समदं. पिंपासकट."

पिंपासकट सांगणं म्हणजे अठरा वर्षांचं दार आपल्या हातानं लावून घेणं. मायाप्पा ते दोन मैल मोपेड ढकलत गेला. पेट्रोल होतं, लवकर पोहोचायचं नव्हतं.

वहिनींनी सगळं ऐकलं. हातातला तांब्या खाली ठेवला. "म्हंजी तीन म्हयनं मी लोकांना माझंच उष्टं शिजवून वाढलं," त्या म्हणाल्या. "आन दिलं पण मीच." मग पदरानं कपाळ पुसून त्यांनी खडू घेतला आणि दारावरच्या फळ्यावर लिहिलं: मटण दोन महिने मिळणार नाही. अख्खा मसूर आहे.

पहिल्या रविवारी निम्मी माणसं फळा वाचून परत गेली. मायाप्पा रस्त्यापलीकडून ते पाहत होता.

दोन महिन्यांनी चुलीवर पुन्हा पातेलं चढलं. मायाप्पा मागच्या दाराशी बसला, जिथे पिंप असे. आतून ताटं येत होती. त्यानं एकेक पाहिलं. हाडं होती, दुसरं काही नव्हतं. त्याच्या शेजारी जेवायला बसलेल्या चाचांनी भाकरी रश्शात कुस्करली, वाटी नाकापाशी नेली आणि डोळे मिटले.

"बोरीचा पाला," ते म्हणाले.

 मायाप्पाचे पाय ठणकतच होते. चार वाजत आले होते, शेळ्या सोडायच्या होत्या. तो हळूच उठला.

थकवा हा अपराध नव्हे. पण थकलेल्या हातानं आपण दुसऱ्याला जे भरवतो, ते एक ना एक दिवस आपल्याच पानात वाढलं जातं.

आता कबूल करतो. पत्रावळ्या, मीठ, आग्रह, कुडावरची डोकी, ही पंगत माझ्या पदरची आहे. चाचांनी फक्त पिंपाचं झाकण काढलं, पळीनं तळ ढवळला आणि विचारलं, "ह्यो कोण?" मायाप्पाला तेवढं पुरलं. आपल्याला पुरलं नसतं, म्हणून मी बारा पानं मांडली.