मेघवीर येणारच

नदीकाठच्या एका गावात चित्रकथांचा एक छापखाना होता. घरोघरी टीव्ही यायच्या आधीची ही गोष्ट. छापखान्याचे मालक होते दिगंबरपंत. स्वतःला मूलबाळ नव्हते, पण गावच्या मुलांवर त्यांचा भारी जीव. दर शनिवारी त्यांच्या छापखान्यातून एक नवी चित्रकथा निघे. त्या दिवशी शाळा सुटली की मुले घरी जात नसत. दप्तरासकट एसटी स्टँडवरचे पुस्तकांचे दुकान गाठत. अंक इतका ताजा असे की बोटांना शाई लागे. विकत घेणारा एक आणि वाचणारे पाच. ज्याचे वाचून झाले नसेल तो पानावर अंगठा दाबून धरी, आणि पुढे सरकू देत नसे.

महिन्याचे चार शनिवार, चार चित्रकथा. पहिली मेघवीरची. निळा शेला पाठीवर टाकून तो ढगांतून येई आणि एका ठोशात डोंगर फोडी. दुसरी मैनाची. ही कोळ्याची पोर एकटीच लहानशी होडी घेऊन समुद्रात जाई. तिसरी भिंगकाकांची. भिंगकाका सायकलवरून हिंडत आणि चपलेच्या ठशावरून चोर शोधत. चौथी बब्रू शिंप्याची. त्याची जीभच त्याला संकटात घाली आणि तीच बाहेर काढी.

चौघेही मुलांचे लाडके. पण मेघवीर सर्वांत लाडका.

एकदा दुकानदार म्हणाला, “पंत, मेघवीर दुपारीच संपतो हो. उशिरा आलेली पोरं रडत परत जातात.”

पंतांच्या मनात आले, मुलांना जे इतके आवडते ते महिन्यातून एकदाच का द्यावे? या विचारात प्रेम होते आणि थोडा लोभही होता. दोन्ही इतके मिसळले होते की पंतांना स्वतःलाही ते वेगळे काढता आले नसते.

त्यांनी अनसूयाबाईंना बोलावले. मैनाची गोष्ट त्याच लिहीत आणि चित्रेही त्याच काढत.

“बाई, या वेळी मैनाची होडी वादळात सापडते ना? तिथं मेघवीर येऊ दे.”

“तो आला तर मैना वल्हं कशाला मारील, पंत?”

“एकदाच हो. पोरं खूश होतील.”

पोरे खरोखरच खूश झाली. मैनाच्या होडीवर मेघवीर उतरलेला पाहून दुकानात टाळ्या पडल्या. अंक कमी पडले, पुन्हा छापावे लागले.

मग ‘एकदाच’ हा शब्द पंत विसरून गेले.

भिंगकाकांची गोष्ट मार्तंड मास्तर लिहीत. शाळेतून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. एक चोरी उलगडायला ते तीन तीन अंक घेत. पंतांच्या सांगण्यावरून मेघवीर तिथेही आला. त्याने भिंतीपलीकडचे पाहिले आणि चोराची मानगूट धरली. मास्तर एवढेच म्हणाले, “मग आमच्या काकांनी भिंग पुसत बसायचं का?” पंत हसले. पुढे बब्रू शिंप्यालाही तोंड उघडायची गरज उरली नाही. तो अडचणीत आला की वर निळा शेला दिसे.

वर्षभराने अनसूयाबाईंनी काम सोडले.

“पंत, माझी मैना समुद्राकडे बघतच नाही आता. पानोपान मान वर करून उभी असते, तो कधी येतो म्हणून. असली मैना मला काढवत नाही.”

पंतांनी दुसरा चित्रकार ठेवला. मास्तरांनीही लिहिणे थांबवले, आणि पुढच्याच हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या डोक्यातल्या न लिहिलेल्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. पंतांनी भिंगकाकांसाठीही दुसरा लेखक शोधला. मेघवीर तर होताच. अडले काहीच नाही, असे त्यांना वाटले.

एका शनिवारी पंत सहज दुकानाकडे गेले. अंकांच्या गठ्ठ्याची सुतळी अजून सुटलेली नव्हती. शेजारच्या बाकावर कुमुद नावाची मुलगी आईबरोबर गाडीची वाट पाहत बसली होती. पूर्वी अंकासाठी सर्वांत आधी धावत येणारी हीच. पंतांनी तिला ओळखले.

“अगं, मैनाचा नवा अंक आलाय. बघितलास का?”

“नको.”

“का गं? मेघवीर आहे त्यात!”

“म्हणून तर नको, पंतआजोबा. मैना बुडणार, मेघवीर येणार. चोरी होणार, मेघवीर येणार. पान कशाला उलटायचं?”

“बरं, मग नुसता मेघवीरचा घे. तो तर तुला आवडायचा.”

कुमुदने थोडा विचार केला.

“आवडायचा. महिनाभर वाट बघायचो आम्ही त्याची. आता तो कुठं जातच नाही.”

गाडी आली. मायलेकी निघून गेल्या. पंत त्याच बाकावर बसून राहिले. त्यांना ते ओलसर अंक आठवले, पानावर दाबलेले अंगठे आठवले. मुलांना जास्त द्यायच्या नादात आपण त्यांचे होते तेही काढून घेतले, हे त्यांना कळून चुकले. मैना गेली, काका गेले, बब्रू गेला. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले, तो मेघवीरही गेला.

त्याच सुमारास शहरातला एक मोठा विक्रेता छापखान्यात आला.

“पंत, मेघवीरचा धाकटा भाऊ काढा. मग बहीण काढा, कुत्रा काढा. गावात नसेल खपत, शहरात मी खपवतो. पण मेघवीर प्रत्येक अंकात पाहिजे.”

“नाही जमणार,” पंत म्हणाले.

“मग छापखान्याला टाळं लागेल.”

“लागलं तर लागू दे. पोरांना मी पुन्हा तेच ते वाढणार नाही.”

विक्रेता हात झटकून निघून गेला. पंतांनी टोपी घातली आणि ते अनसूयाबाईंच्या घरी गेले.

“बाई, चुकलं माझं. मला मैना परत हवी आहे.”

“मेघवीर येणार?”

“नाही.”

“होडी बुडायला लागली तरी?”

“छापखाना बुडायला लागला तरी.”

बाईंनी कागद पुढे ओढला. पण हाताला सवय लागली होती. मैनाची मान वरच जाई. बाई कागद फाडत आणि पुन्हा काढत. अखेर एके दिवशी मैनाने समोरच्या लाटेकडे पाहिले आणि वल्हे उचलले.

अंक थोडेच छापले. मुलांनी अंक हाती घेताच आधी शेवटचे पान उघडले आणि मेघवीर शोधला. तो नव्हता. शेवटच्या चित्रात होडी भोवऱ्यात गरगरत होती, आणि खाली लिहिले होते, ‘क्रमशः’. मग कुमुदने पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“ती पोहून जाईल बघ.”

“भोवऱ्यातून? वेडा आहेस का!”

“शिडाची दोरी करील ती!”

भांडण स्टँडभर ऐकू येत होते. पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंत दुकानाच्या दाराशी उभे राहून ते ऐकत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

छापखाना हळूहळू सावरला. बब्रूला त्याची जीभ परत मिळाली. मेघवीरला पंतांनी बरेच दिवस विश्रांती दिली. मग तो आला, फक्त आपल्या गोष्टीत, आणि मुलांनी त्याला डोक्यावर घेतले.

भिंगकाका मात्र परत आले नाहीत. मास्तरांसारखी गोष्ट दुसऱ्या कोणाला जमेना. शेवटी पंतांनी तिसरा शनिवार मोकळाच ठेवला. त्या दिवशी ते स्वतः दुकानात बसत आणि मास्तरांचे जुने, पिवळे पडलेले अंक मुलांना वाचायला देत.

एकदा कुमुदच्या धाकट्या बहिणीने विचारले, “पंतआजोबा, काकांचा नवा अंक कधी येणार?”

पंत म्हणाले, “नाही येणार, बाळ. ते लिहिणारे मास्तर आता नाहीत. आणि होते तेव्हा मी त्यांना लिहू दिलं नाही.”

तात्पर्य: लाडक्याला सगळीकडे उभे केले, तर इतरांची जागा जाते आणि त्याची स्वतःची गोडीही जाते. ज्याचे काम त्याला करू द्यावे, आणि आवडत्याची वाट पाहण्याचे सुख कोणाचे हिरावून घेऊ नये.