आपल्या कामाचा इस्तिखारा आपण करावा, त्या वशाची कहाणी

ऐक परवरदिगारा, तुझ्या दारात उभ्या राहिलेल्या एका बांदीची कहाणी.

आटपाट म्हणतात तसं एक नगर होतं. नगराला टेकडी होती, टेकडीवर पाण्याची टाकी होती, टाकीच्या पायथ्याशी पाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. टेकडीच्या अलीकडे आतारांची आळी होती. त्या आळीत यासीन आतार राहत असे. घरात त्याची म्हातारी आई होती, तिला सगळे अम्मा म्हणत. पलीकडच्या गल्लीत दिलेली थोरली बहीण होती, कुलसुमआपा, ती दिवसातून दोनदा माहेरी यायची. यासीनची बायको नौशीन, आणि नौशीनच्या कडेवर दीड वर्षाची हिबा.

नौशीन रसायनशास्त्र शिकलेली होती. पण शिकलेलं सगळं डब्यात झाकून ठेवल्यासारखं झालं होतं. एक दिवस काय झालं? पाणी-केंद्रात तपासनीसाची जागा निघाली. नगराचं पाणी रोज काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषध कमी की जास्त ते पाहायचं, आकडा वहीत लिहायचा. नौशीननं मांडीवर पोर घेऊन अर्ज लिहिला. परीक्षा दिली. तिसऱ्या महिन्यात पत्र आलं: सात दिवसांत हजर व्हा, नाही आलात तर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

नौशीनला आनंद झाला. मग लगेच भीती वाटली. पोर राहील का? मला जमेल का? काचेची नळी हातून पडली तर? तिला आनंद पुरता करायची सवयच नव्हती.

अम्मा म्हणाली, "दुल्हन, घाई करू नको. आधी इस्तिखारा करायला हवा."

इस्तिखारा म्हणजे काय? काम हाती घेण्याआधी वजू करावं, म्हणजे हात-तोंड-पाय धुवावेत, दोन रकात नमाज पढावी, आणि अल्लाहला विचारावं, हे माझ्या भल्याचं आहे का? एवढंच. विचारणारा आणि तो, मधे कुणी नाही.

पण नौशीनच्या मनात आलं, आपल्याला दुआ नीट पाठ नाही. उच्चार अडखळतो. सजद्यात कपाळ टेकलं की पोर पाठीवर चढतं. असल्या नमाजीला कोण विचारतो? ती म्हणाली, "अम्मा, तुम्हीच करा ना. तुमची दुआ पोहोचते."

तिथं ती चुकली. मागायचं तिचं, ते तिनं दुसऱ्याच्या हाती दिलं.

मग पहिला दिवस उजाडला. अम्मा चहा पिता पिता म्हणाली, "मला म्हस दिसली. काळी. उंबऱ्यात आडवी बसली होती. हलेना." आपा म्हणाली, "या अल्ला, साफ नकार!" नौशीन काही बोलली नाही. पोटात निखारा पडला, पण तोंड मिटलेलं राहिलं.

मग दुसरा दिवस उजाडला. कुलसुमआपा चपला काढता काढताच म्हणाली, "मीही केला रात्री. वाळलेलं झाड दिसलं, झाडाखाली हिबा रडत बसलेली. आईचा पत्ता नाही." अम्मानं कानाच्या पाळ्या धरल्या, "तोबा तोबा." नौशीन काही बोलली नाही. निखारा फुलला, पण तोंड मिटलेलं राहिलं.

मग तिसरा दिवस उजाडला. आता यासीन खाकरला. तो कधी पहाटेच्या फजरच्या नमाजीला उठत नसे, पण म्हणाला, "मलाही स्वप्न पडलं. मी स्वयंपाकघरात उभा. तव्यावर पोळी करपलेली. आणि तू घरात नाहीस."

अम्मा म्हणाली, "बघ. तिघांना तीन."

नौशीनला वाटलं मोठ्यानं हसावं. मग वाटलं तवा उचलून आपटावा. पण ती काही बोलली नाही. निखाऱ्याचा जाळ झाला, तरी तोंड मिटलेलं राहिलं.

दुपारी भांडी घासताना तिला एकेक आठवू लागलं. यासीनला ट्रॅक्टरच्या शोरूमात नोकरी लागली, तेव्हा कुणाला म्हस दिसली होती? त्या दिवशी आळीभर पेढे वाटले. धाकटा दीर कुवेतला निघाला, वाळवंटात निघाला, तेव्हा कुणाच्या स्वप्नात झाड वाळलं होतं? त्याच्या दंडाला प्रवासाच्या रक्षणाचा इमाम-जामिन बांधून, गळ्यात हार घालून त्याला गाडीत बसवलं. पुरुष निघाला की अल्लाह नुसती बरकत देतो, आणि बाई निघाली की तोच अल्लाह जनावरं पाठवतो? हा कुठला न्याय? आणि हा न्याय त्याचा की यांचा?

तिनं ताट इतकं घासलं की त्यावरचं कोरलेलं नाव पुसट झालं.

चौथ्या दिवशी तिनं ठरवलं, आपण स्वतः करू. निजायच्या आधी दोन रकात पढली, अडखळत दुआ म्हटली, आणि स्वप्न पडावं म्हणून उजव्या कुशीवर निजली. हिबा एकदा उठली, पाणी मागितलं. दुसऱ्यांदा उठली, बाहुली मागितली. तिसऱ्यांदा उठली, तिला काहीच नको होतं, नुसतं उठायचं होतं. डोळ्याला डोळा नाही, तिथं स्वप्न कुठलं? सकाळी नौशीन मनात म्हणाली, झोपणाऱ्यांनाच जर उत्तर मिळत असेल, तर तान्ह्या पोरांच्या आयांनी विचारायचं कुणाला?

हाच प्रश्न घेऊन ती पाचव्या दिवशी उस्तानीबीकडे गेली. उस्तानीबी आळीतल्या पोरांना कायदा, म्हणजे अरबी मुळाक्षरं, शिकवायची. उन्हात सतरंजी टाकून बसली होती, पोरं नुकतीच सुटली होती. नौशीननं सगळं सांगितलं. म्हस सांगितली, झाड सांगितलं, पोळी सांगितली.

पोळी ऐकून उस्तानीबी खूप हसली. मग हसू गेलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"स्वप्न पडायलाच हवं, असं तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणू देत. दुआत काय म्हणतेस, ते तरी कुणी समजावलं का? अरबी पाठ करायला लावली, अर्थ कुणी दिला नाही. त्यात स्वप्नाचा शब्द नाही, बेटा. रात्रच पाहिजे असंही नाही. तू तुझी गरज सांगायची, आणि चालू लागायचं. भलं असेल तर तो वाट सोपी करतो. नसेल तर वाट फिरवतो, आणि मनही फिरवतो. हे चालल्यावर कळतं. अंथरुणात पडून नाही कळत."

"पण माझे उच्चार..."

"तुझे उच्चार मला ठाऊक आहेत, मीच शिकवलंय. वाईट आहेत." उस्तानीबी म्हणाली. "त्याला मराठी येत नाही, असं वाटतं का तुला?"

मग नौशीन म्हणाली, "उस्तानीबी, उस्तानीबी, नव्या कामाचा वसा मला सांगा."

"सांगेन. पण लोक हसले की सोडशील, घरचे रुसले की सोडशील, महिना भरला की विसरशील."

"सोडणार नाही, विसरणार नाही."

"तर ऐक. सकाळचं ऊन अंगणात आलं की वजू करावं. दोन रकात पढावी, आपली आपण. मग हात पसरून म्हणावं: या अल्लाह, तू जाणतोस, मी जाणत नाही. हे काम माझ्या दीन-धर्माला, माझ्या संसाराला, माझ्या शेवटाला भलं असेल तर सोपं कर, त्यात बरकत घाल. भलं नसेल तर ते माझ्यापासून फिरव, मला त्याच्यापासून फिरव, आणि भलं असेल तिथं मला राजी ठेव. मग मूसा पैगंबरांनी मागितलं तसं मागावं: माझी छाती मोकळी कर, जिभेची गाठ सोड. निघताना बिस्मिल्लाह म्हणावं. कामाची खुर्ची आपली समजू नये, ती सांभाळायला दिलेली अमानत आहे. लांडीलबाडी करू नये. पहिल्या कमाईतला घास भुकेल्याला द्यावा. हाच वसा, याला दुसरं काही लागत नाही. दुसरं माणूस तर मुळीच लागत नाही."

सहाव्या दिवशी ऊन अंगणात आलं. नौशीननं वजू केलं, दोन रकात पढली. हिबा पाठीवर चढली, तर चढू दिली. हात पसरले आणि मराठीत मागितलं. आकाशातून काही उतरलं नाही. कुणी कानात बोललं नाही. फक्त जिभेची गाठ सुटली.

दुपारी सगळे जेवायला बसले. आपाही आलेली होती. अम्मा म्हणाली, "उद्याचा एक दिवस गेला की सुटलो बाई."

नौशीन म्हणाली, "उद्या मी हजर होणार आहे."

आपा म्हणाली, "अगं, तिघांना नकार आला!"

"म्हस अम्मांची, झाड तुमचं, पोळी यांची. नोकरी माझी. आपा, माझ्या नोकरीचा निरोप अल्लाहनं तुमच्या घरी का ठेवला? त्याला माझा पत्ता ठाऊक नव्हता?"

"जीभ बघा हिची!"

"सहा दिवस गप्प होते, तेव्हा कुणी म्हणालं नाही, गप्पपणा बघा हिचा."

अम्मा हळूच म्हणाली, "मला खरंच दिसली गं म्हस."

"दिसली असेल, अम्मा. मी खोटं म्हणत नाही. भीती तुम्हाला आहे, मलाही आहे. पण भीतीला अल्लाहचं नाव देऊ नका."

 यासीननं मात्र मान खाली घालून भात कालवला, आणि हात धुऊन बाहेर निघून गेला.

मग सातवा दिवस उजाडला. नौशीननं कागद पिशवीत घातले, हिबाला कडेवर घेतलं. बिस्मिल्लाह म्हणून निघाली. टेकडी चढली. कचेरीत भोजने नावाचे कारकून बसले होते. त्यांनी पत्र पाहिलं, फाईल पाहिली, पुन्हा पत्र पाहिलं.

"तुमचा तर नकार आलाय."

"कुणाचा?"

"तुमचा. मिस्टर परवा येऊन देऊन गेले. पुढच्या उमेदवाराला बोलावणं टाईप पण झालंय."

त्यांनी कागद पुढे सरकवला. यासीनचं अक्षर. लिहिलं होतं: ईश्वरी संकेतानुसार सौ. नौशीन सदर पदावर रुजू होऊ शकत नाहीत. खाली सही यासीनची.

 तिला वाटलं, हेच का ते? भलं नसेल तर फिरव, असं मीच मागितलं. हे त्यानं फिरवलं का? राजी ठेव म्हटलं, मग आता राजी व्हावं का? ती तशी भित्री होती, परत फिरायला तिला निमित्त पुरे होतं. दाराकडे दोन पावलं गेलीसुद्धा.

मग थांबली. म्हणाली, ज्यानं मूसासाठी समुद्र दुभंगला, त्याला वाट बंद करायची असती तर यासीनच्या अक्षरातली चिठ्ठी लागली नसती. हे दार बंद नाही. हे कुणीतरी आतून ओढून धरलंय. आणि धरणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे.

ती माघारी वळली. "साहेबांना भेटायचंय."

"अहो बाई, नवऱ्यानं लिहून दिलंय म्हटल्यावर..."

"परीक्षा नवऱ्यानं दिली होती?"

आवाज आत गेला. आतून नाईकवडीबाई बाहेर आल्या, त्या केंद्राच्या मुख्य. कागद वाचला. विचारलं, "ही सही तुमची?"

"नाही."

"मग हा ईश्वरी संकेत कुणाला झाला?"

"ज्यांना मी जायला नको होतं, त्यांना."

बाईंनी भोजन्यांकडे पाहिलं. "बाईंच्या जागेचा नकार तुम्ही पुरुषाच्या सहीनं घेतला? त्यांना एक फोन नाही केला? उद्या कुणी तुमच्या राजीनाम्याचा कागद आणून दिला तर घेऊ का मी?" भोजने टाचण्यांची डबी नीट करू लागले.

मग हजेरीचं पुस्तक पुढे आलं. हिबानं पेन ओढलं. नौशीननं ते सोडवून घेतलं, आणि आपल्या हातानं, आपल्या नावावर सही केली.

संध्याकाळी ती घरी आली. यासीन ओट्यावर बसला होता. तिचं तोंड पाहूनच समजला. म्हणाला, "मला वाटलं, घराचं भलं..."

"वाटलं ते तुमचं होतं. लिहिलंत ते अल्लाहच्या नावावर. माझी माफी नंतर मागा. आधी त्याची मागा."

 यासीननं विचारलं, "त्या कागदाचं काय झालं?"

"फाईलला लागला. त्यावर बाईंनी शेरा मारलाय."

"काय?"

"अर्जदार स्वतः हजर. सदर पत्र अर्जदाराचे नाही. सबब दप्तरी दाखल."

आतून अम्मा सगळं ऐकत होती. ती उठली, बाहेर आली, आणि हिबाला घ्यायला हात पुढे केले. "उद्या किती वाजता निघायचंय तुला?"

मग नौशीन रोज टेकडी चढू लागली. बिस्मिल्लाह म्हणून नळीत पाणी घेऊ लागली. एकदा वरच्या कचेरीतून सांगणं आलं, कालचाच आकडा आज लिही. तिनं लिहिला नाही. लोक हसले, वसा सोडला नाही. आपा रुसली, वसा सोडला नाही. महिना भरला, वसा विसरली नाही. पहिल्या कमाईतलं जेवण उस्तानीबीच्या सतरंजीवर पोरांना वाढलं. यासीननं माफी मागितली. ती तिनं लगेच दिली नाही. सावकाश दिली, ज्याच्या नावावर लिहिलं होतं त्याची मागून झाल्यावर.

जशी नौशीन स्वतः हजर झाली, तशा तुम्ही व्हा, तुमच्या लेकी होवोत, आणि जिला अजून भीती वाटते तीही भीत भीत का होईना, होवो. साठ जणांच्या उत्तरांची ही कहाणी, जिची तिच्या एका उत्तरानं सुफळ झाली, संपूर्ण झाली. आमीन म्हणा.